सहा महिने आणि चार महिने दहा दिवस

‘विमा’ हा शब्द मराठीत फारसीकडून आला. उर्दूत तो ‘बीमा’ आहे, आणि फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती, धास्ती. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे असा शब्द दिसला की थांबायची सवय लागली आहे. विम्याच्या कागदांवर तर असे शब्द रांगेने उभे असतात. हप्ता, मुदत, रक्कम, नुकसान, दावा, वारस, मयत. उर्दू माध्यमातल्या माझ्या मुली ‘मराठी फार कठीण आहे टीचर’ म्हणतात, तेव्हा मी त्यांना पोलिसांचा किंवा कोर्टाचा मराठी कागद वाचायला देते. निम्मे शब्द त्यांच्या घरातलेच निघतात.

या शब्दांपैकी ‘मुदत’ या एकाच शब्दाबद्दल आज लिहायचं आहे. मोटार विम्याचा कायदा गेल्या काही वर्षांत बराच बदलला. त्यातला एक छोटा बदल बहुतेकांना माहीतच नाही, आणि माहीत होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी थोडं मुळातून बघू. गाडीचा विमा दोन प्रकारचा असतो. एक आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो काढायचा की नाही ही आपली मर्जी. दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे रस्त्यावरच्या परक्या माणसाचं काही झालं तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी म्हणून. हा सक्तीचा आहे. आपल्या समाजात विम्याबद्दल एक जुनी कुरबुर आहे. हा जुगार नाही का, यात व्याज नाही का, असे प्रश्न विचारले जातात. त्यामुळे स्कूटरचा विमा बरेच जण ‘कायद्याने करावाच लागतो’ म्हणून नाखुशीने भरतात, आणि काही जण हवालदार अडवेपर्यंत भरतच नाहीत.

पण थर्ड पार्टी विम्यामागची कल्पना आपल्याला परकी नाही. फिकहमध्ये ‘कत्ल-ए-खता’, म्हणजे हातून चुकून झालेला मृत्यू, याचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मयताच्या वारसांना ‘दियत’ द्यायची असते, आणि ती त्या एकट्या माणसावर न टाकता त्याच्या ‘आकिला’ने, म्हणजे त्याच्या कुळाने मिळून भरायची असते. का? कारण एकट्याची ऐपत नसते, आणि ऐपत नाही म्हणून विधवेला रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. आज मुंबईत कुणाला कुळ उरलं आहे? टेम्पोवाला जौनपूरचा, टेम्पोचा मालक भिवंडीचा, मेलेला माणूस लालबागचा. या तिघांमधला आकिला म्हणजे विमा कंपनी. हा माझा फतवा नाही, समजून घ्यायची एक रीत आहे.

आता ही कंपनी कुणाची, सरकारी की खाजगी, यावर आपल्या देशात दोन वेळा डाव पलटला आहे. इंग्लंडने १९३०च्या कायद्याने हा विमा सक्तीचा केला. त्याच धर्तीवर आपला मोटार वाहन कायदा १९३९ साली आला, आणि विम्याची सक्ती प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून सुरू झाली. तेव्हा सगळा धंदा खाजगी होता. त्यातली एक मोठी कंपनी आपल्या फोर्टातली न्यू इंडिया, जी १९१९ साली सर दोराबजी टाटांनी सुरू केली. तिची आर्ट डेको इमारत महात्मा गांधी रस्त्यावर आजही उभी आहे. १९५६च्या दुरुस्तीने अपघात दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली, म्हणजे गरिबाला दिवाणी कोर्टाचं मोठं शुल्क भरून लढायची गरज उरली नाही.

मग १ जानेवारी १९७३ पासून सगळा सर्वसाधारण विमा सरकारचा झाला. देशी-विदेशी मिळून १०७ विमा कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या केल्या. १९८८च्या नव्या मोटार वाहन कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. मृत्यू किंवा इजेसाठी विमा कंपनीच्या जबाबदारीवर असलेली रकमेची मर्यादा त्याने काढून टाकली. माणसाच्या जिवाचं जे मोल न्यायाधिकरण ठरवेल, ते कंपनीने द्यायचं. १९९४ साली दावा दाखल करायची कालमर्यादाही गेली. वर्षाने या, तीन वर्षांनी या, दार उघडं राहिलं.

हे सगळं सरकारी कंपन्यांच्या काळात ठरलं. २००० साली दार पुन्हा खाजगी कंपन्यांना उघडलं. ज्या लालबाग-परळमध्ये गिरण्यांचे भोंगे वाजायचे, तिथल्या काचेच्या इमारतींत आज वित्त आणि विमा कंपन्यांची ऑफिसं आहेत. नव्या कंपन्यांनी चांगल्या गोष्टीही आणल्या. बिनरोखीचं गॅरेज, फोनवर पॉलिसी, झटपट सर्व्हे. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले, आणि कंपन्यांमध्ये स्पर्धा लागली. ज्याची नवी कार होती त्याचा हप्ता खाली आला.

थर्ड पार्टीचे दर मात्र मोकळे झाले नाहीत. ते सरकारी यंत्रणाच ठरवते. आधी विमा नियामक ठरवायचा, २०२२ पासून नियामकाशी सल्लामसलत करून रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवतं. म्हणजे कंपनीची अवस्था अशी, की माल कोणत्या भावाने विकायचा ते सरकार सांगणार, आणि तो माल किती महाग पडेल ते न्यायालय सांगणार. साहजिकच कुणालाच हा माल नको झाला. जुने ट्रक, जुने टेम्पो, टॅक्सी यांचा विमा करायला कंपन्या नाखूश असत. शेवटी एप्रिल २००७ मध्ये नियामकाने सगळ्या कंपन्यांचा एक सामाईक खड्डा केला. व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टीचा तोटा बाजारातल्या आपापल्या हिश्श्याप्रमाणे सगळ्यांनी वाटून घ्यायचा. तो खड्डा इतका खोल निघाला, की २०११ साली नियामकाने कंपन्यांना शंभर रुपये हप्त्यामागे किमान १५३ रुपये दाव्यांसाठी बाजूला ठेवायला सांगितलं. २०१२ साली ती व्यवस्था मोडली. २०१५ पासून प्रत्येक कंपनीला थर्ड पार्टीचा काही किमान धंदा करणं नियमाने भाग पाडलं आहे.

हे एवढं सविस्तर सांगितलं ते खाजगी कंपन्यांना खलनायक करायचं नाही म्हणून. त्यांची अडचण खरी आहे. १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारचा थर्ड पार्टीचा हप्ता १ जून २०२२ पासून वर्षाला २,०९४ रुपये आहे. दिवसाला सहा रुपयेही नाहीत. कटिंग चहा त्याहून महाग आहे. त्यात संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या अहवालानुसार देशातल्या निम्म्याहून जास्त वाहनांचा विमाच नाही. जे भरतात त्यांच्यावरच सगळा भार. आणि सरकारी कंपन्यांचं तोट्याचं ओझं कुठे गेलं? २०२० साली तीन सरकारी कंपन्या जगवायला केंद्र सरकारने १२,४५० कोटींचं भांडवल मंजूर केलं. खाजगी कंपनीला असा हात मिळत नाही. म्हणून ती आपला खर्च आटोक्यात आणायला बघते. भाव वाढवता येत नसेल तर द्यायची जबाबदारी कमी व्हावी, निदान तिचा अंदाज तरी बांधता यावा, ही तिची मागणी असते.

ही मागणी २०१६च्या दुरुस्ती विधेयकात उमटली. त्यात मृत्यूसाठी विमा कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त १० लाख रुपये करायचा प्रस्ताव होता. त्यावर गदारोळ झाला आणि ती मर्यादा गळाली. १० लाख हा आकडा सगळ्यांना दिसला, म्हणून सगळे बोलले. २०१९च्या कायद्यात मात्र दुसरी एक मर्यादा आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ती पैशांची नव्हती, दिवसांची होती. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल केला नाही, तर न्यायाधिकरणाने तो घ्यायचा नाही.

नव्या कायद्यात चांगलंही बरंच आहे, तेही सांगायला हवं. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात. पूर्वी बिनचुकीच्या तत्त्वावर मृत्यूला ५० हजार होते. ठोकर मारून पळून गेलेल्या गाडीसाठी मृत्यूची भरपाई २५ हजारांवरून २ लाख झाली. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि न्यायाधिकरणाने तो अहवालच दावा म्हणून धरायचा, अशी सोय आहे. हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर विधवेला कुठे जावंच लागणार नाही. पण ‘झालं तर’.

आता माझ्या पाहण्यातलं एक घर. माझ्या वर्गात नववीला एक मुलगी होती. तिचे वडील दादरच्या एका कारखान्यात पीस रेटवर शर्ट शिवायचे. वय ३८. जानेवारी २०२३ मध्ये रात्री काम संपवून आंबेडकर रस्त्याने पायी घरी येत असताना टेम्पोने उडवलं. दोन दिवस हॉस्पिटलात होते, मग गेले. मागे बायको, म्हातारी आई, ही मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ.

चालीसव्याच्या आधीच एक गृहस्थ घरी आले. विमा कंपनीकडून आलो म्हणाले. पाच लाख लगेच मिळतील, सही करा. मुलीने ते कागद शाळेत मला आणून दाखवले. मी संध्याकाळी घरी गेले. लालबागच्या मागच्या बाजूची चाळ, दहा बाय बाराची खोली. मयताची बायको पडद्याआड आतल्या कोपऱ्यात बसलेली. मी म्हटलं, सही करायच्या आधी वकिलाला विचारू या. ती म्हणाली, “टीचर, मैं तो अभी इद्दत में हूँ. बाद में देखेंगे.”

इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बायकोने घरात काढायचे चार महिने दहा दिवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही शिक्षा नाही. दुःखाला जागा देण्याची आणि पोटात मूल आहे का ते कळण्याची ती मुदत आहे. गरजेच्या कामासाठी विधवेने दिवसा बाहेर पडायला आपल्या हनफी फिकहमध्ये मुभा आहे. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायका ही मुभा क्वचितच सांगतात. सासू सांगते, दीर सांगतो, शेजारीण सांगते, ‘बाहर मत निकलना.’ आणि ती निघत नाही.

सहा महिन्यांतून चार महिने दहा दिवस वजा करा. हातात पन्नासेक दिवस राहतात. त्या घराची इद्दत मे महिन्याच्या विसाव्या दिवसाच्या आसपास संपली. तेव्हा कोर्टांना उन्हाळ्याची सुट्टी. शाळा बंद, म्हणून मी वगळता बाकी कागद समजावणारं कुणी नाही. जून उजाडला तेव्हा दीड महिनाही शिल्लक नव्हता.

त्या दीड महिन्यात लागणारे कागद असे. प्रथम खबरीची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, टेम्पोचा नोंदणी क्रमांक आणि पॉलिसीचा तपशील, चालकाच्या लायसनची नक्कल, रेशनकार्ड, सगळ्यांचे आधार, आणि कमाईचा पुरावा. बाकीचे कागद खेटे घालून मिळाले. पोलिसांचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात गेला की नाही, हे मात्र तिथे कुणीच आम्हाला सांगू शकलं नाही. वकील म्हणाले, त्या भरवशावर राहू नका, आपला अर्ज टाका. अडलं ते कमाईच्या पुराव्यावर. पीस रेटवाल्याला ना पगारपत्रक, ना बँकेत जमा होणारा पगार.

मग मुलीने ट्रंकेतून एक वही काढली. तिचे अब्बा दर शनिवारी त्यात हिशेब लिहीत. किती शर्ट, किती कॉलर, किती मिळाले, किती उचल. सगळं उर्दूत, आकडेही उर्दू. चार वर्षांचा हिशेब होता. मी दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर बसून त्या वहीचं मराठीत भाषांतर केलं. मुलगी आकडे वाचायची, मी लिहायची. कारखान्याचे मालक आधी साक्षीला यायला टाळत होते. त्यांच्याच वहीशी आकडे जुळले, तेव्हा तयार झाले.

वहीने काय फरक पडतो, ते आकडे थोडे सोपे करून सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. समजा कमाईचा पुरावा नाही म्हणून महिना १० हजार धरले. वर्षाचे १ लाख २० हजार. चाळिशीच्या आतला स्वतःच्या हाताने कमावणारा माणूस, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवा. झाले १ लाख ६८ हजार. अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करा. राहिले १ लाख २६ हजार. ३६ ते ४० वयाला १५ ने गुणायचं. १८ लाख ९० हजार. हेच वहीने महिना १५ हजार सिद्ध झाले, तर रक्कम २८ लाख ३५ हजार होते. दफनविधी वगैरेचे थोडे पैसे वेगळे. एका वहीमुळे साडेनऊ लाखांच्या आसपास फरक.

आणि त्या गृहस्थांचे पाच लाख? कायद्यात स्पष्ट आहे, की ती ठरलेली रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. पाच लाख लगेच मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. कित्येक घरांत तेवढ्यावर चूल पेटते. पण पाच कशाच्या बदल्यात, हे ज्याला सांगितलं नाही त्याने केलेली सही ही राजीखुशी नव्हे.

अर्ज दाखल झाला तेव्हा मुदत संपायला सात दिवस होते. निकालाला दोन वर्षांहून जास्त लागली. कंपनीच्या वकिलांनी मयतच बेसावध चालत होता असंही म्हणून पाहिलं. शेवटी वही मान्य झाली. रक्कम किती ते त्या घराचं आहे, मी सांगणार नाही. मुलगी आता कॉलेजात आहे.

कंपन्यांची बाजू मी ऐकली आहे, आणि ती फेटाळण्यासारखी नाही. दहा वर्षांनी येऊ शकणाऱ्या दाव्यासाठी पैसे राखून ठेवायचे तर हप्ता किती ठेवायचा? जुन्या दाव्यांत खोटे अपघात घुसतात, साक्षीदार सापडत नाहीत, गाडी भंगारात गेलेली असते. मुदत हवी, हे मलाही पटतं. पण सहा महिने? ज्या इंग्लंडकडून आपण हा कायदा घेतला, तिथे इजेच्या दाव्याला आजही साधारणपणे तीन वर्षं आहेत. घरातला कमावता गेल्यावर पहिले सहा महिने लोक काय करतात? कोकणातलं घर असेल तर मयत गावी नेतात, तिथेच महिना-दोन महिने राहतात. परळच्या चाळीतली आजी वर्षश्राद्ध होईपर्यंत कुठल्या कागदाला हात लावू देत नाही. आमच्याकडे इद्दत. जो जखमी आहे तो सहा महिने केईएमच्या वॉर्डात आणि मग खाटेवर असतो. दुःखाची मुदत आणि दाव्याची मुदत एकमेकींवर येऊन पडते, आणि त्यात नुकसान त्याचंच होतं ज्याच्या घरात शिकलेलं माणूस नाही. पैसेवाल्याच्या घरी वकील तेराव्याच्या आधी येतो.

शिवाय कंपनीला मिळालेली ही सवलत हप्ता भरणाऱ्याच्या खिशात येत नाही आणि मयताच्या घरात तर नाहीच. तोटा कमी करायचा खरा रस्ता दुसरा आहे. निम्मी वाहनं विम्याविना फिरतात, त्यांना विम्यात आणा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नव्या कारला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यायला लावला, तो याच दिशेचा उपाय होता. आकिला तेव्हाच चालतो, जेव्हा कुळातले सगळे वर्गणी देतात.

सहा महिन्यांच्या या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. दिलासा मोठा आहे, पण अंतरिम आहे. त्यावर विसंबून कुणी बसू नये.

म्हणून माझी विनंती आहे. अपघाताचं घर तुमच्या ओळखीत असेल तर चार गोष्टी करा. गाडीचा नंबर आणि अपघाताची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेपासून सहा महिन्यांचा दिवस लाल पेनाने गोल करा. वकील मिळेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो, आणि बाईला तर उत्पन्नाची अटही नाही. पगारपत्रक नसेल तर वही, डायरी, मोबाइलमधला हिशेब, जे असेल ते जपून ठेवा.

मशिदीतल्या इमामसाहेबांनाही एक सांगणं आहे. ताजियतीला जाल तेव्हा सब्र करा एवढंच सांगू नका. इद्दतीत असलेल्या बाईला गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडता येतं, आणि वकिलाकडे जाणं ही गरज आहे, हे तिच्या सासूसमोर मोठ्याने सांगा. लालबाग-परळच्या मंडळांच्या फळ्यांवर आरतीच्या वेळा आणि रक्तदानाच्या सूचना नेमाने लागतात. त्यांच्या शेजारी एक ओळ कायमची लिहिता येईल: अपघाताचा दावा, मुदत सहा महिने. उर्दूत आणि मराठीत या ओळीतले ‘दावा’ आणि ‘मुदत’ हे दोन्ही शब्द सारखेच आहेत, त्यामुळे भाषांतराला माझी गरज पडणार नाही.